चार कोपऱ्यांचं कुंकू

त्या अठ्ठेचाळीस खिडक्या वेळेवर गेल्या असत्या तर यतीन सामंतांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या गाळा नंबर चौदावर ‘सामंत ॲल्युमिनियम’ या पाटीखाली ‘स्फोटरोधक खिडक्यांचे तज्ज्ञ’ अशी दुसरी पाटी लागणार होती. पेंटरने ती रंगवूनही दिली होती. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ती मुहूर्ताची वाट बघत उभी होती. सासरे गेली अकरा वर्षं दर दिवाळीला विचारायचे, “अजून बाथरूमच्या झडपाच का हो?” तो प्रश्न कायमचा मिटणार होता. शिवाय या खिडक्या ज्या बँकेच्या इमारतीत बसायच्या होत्या, तिथलं काम नीट उतरलं, तर त्या बँकेच्याच आणखी दोन इमारती रांगेत होत्या, आणि त्यांतल्या एकीला तर दर्शनी बाजूने चार मजली काचेची भिंत. गिरगावातल्या दीड खोलीतून जेसल पार्कातल्या फ्लॅटात आलेल्या माणसाला एका झेपेत एवढं मिळत असेल तर तो घाई करणारच. घाईबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार कोपऱ्यांबद्दल आहे.

मिळायचं पंचशीला हिवराळेलाही होतं. ती परभणीकडची, आई आणि धाकटा भाऊ लोकेश यांच्यासह जवळच्या गोडदेवला राहायची आणि सहा वर्षं याच गाळ्यात सिलिकॉन भरायची. हे काम उतरलं की तिला ‘तपासनीस’ म्हणून कायम करू, असं सामंतांनी तोंडी कबूल केलं होतं. तोंडी कबुलीच्या बाबतीत सामंत फार उदार.

पण तिचा हिशेब नोकरीपाशी संपत नव्हता. लोकेश फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई होता. त्र्याण्णवच्या मार्चात तो शुक्रवारी दुपारी स्फोटापासून दोन गल्ल्या लांब, चहाचे कप विसळत उभा होता. बॉम्बने त्याला बोट लावलं नाही. जे केलं ते शेजारच्या खिडकीने केलं. वर्षभराने दाढी करताना त्याच्या गालातून तांदळाएवढा काचेचा कण निघाला. तो पंचशीलाने काडेपेटीत घालून ठेवला होता. कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “असू दे. कामाला लागेल.”

आता ही खिडकी म्हणजे काय ते थोडक्यात. दोन काचांच्या मधे चिवट, पारदर्शक पापुद्रा असतो. हादरा बसला की काच तडकते, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, उडत नाहीत. मात्र ती तडकलेली काच चौकटीत राहिली तरच उपयोग, नाहीतर अख्खी पन्नास किलोची लादी सुटून मागे बसलेल्या कारकुनाच्या मांडीवर येते. तिला चौकटीला धरून ठेवतं ते काळं सिलिकॉन. टूथपेस्टसारखं पिळून भरायचं आणि एकवीस दिवस हात लावायचा नाही, मग त्याचं रबर होतं. त्याआधी चौकट स्पिरिटने अशी पुसायची की तिथे बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये.

एकवीस दिवसांनी दर पंचविसांतली एक खिडकी कापून बघायची, हे सिलिकॉनवाल्या कंपनीच्या कागदात लिहिलेलं होतं आणि तो कागद गाळ्यात फक्त पंचशीलाने वाचला होता. रबर हाताने ओढायचं. ते फाटलं, पण मूळ धरून राहिलं, तर खिडकी पास. सालासारखं सुटून हातात आलं तर नापास. “रबर फाटलं पाहिजे, सुटता कामा नये,” हे ती नव्या पोरींना इतक्यांदा सांगायची, की पोरी तिच्या पाठीमागे तिचाच आवाज काढून म्हणायच्या.

नमुन्याची एक खिडकी सप्टेंबरात झाली. ती पंचशीलाने स्वतः भरली होती. मग चौऱ्याण्णवचा दसरा आला. गाळ्यात हत्यारांची पूजा. पंचशीला दरवर्षीसारखी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला. दीक्षाभूमीवरून सहाव्या दिवशी परत आली तेव्हा सगळ्या अठ्ठेचाळीस चौकटींत काचा बसल्या होत्या.

“घाई होती गं,” सामंत म्हणाले. “तुझ्याशिवाय अडतं असं नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “कापून बघू एकवीस दिवसांनी.”

एकविसाव्या दिवशी तिने पहिली खिडकी कापली. मधलं रबर फाटलं, छान फाटलं. नेहमी मधलंच ओढून बघतात. पण हादरा बसला की काच आधी कोपऱ्यातून उचकटते, हे तिला ठाऊक होतं. तिने कोपरा ओढला. उकडलेल्या बटाट्याचं साल यावं तसं रबर हातात आलं. उलटून पाहिलं तर काळ्या रबराच्या पोटाला लालभडक, गोल, रुपयाएवढा ठिपका. दुसरा कोपरा, तोच प्रकार. चारही कोपरे. दुसरी खिडकी कापली, चारही.

“लवूदादा, हे काय?”

लवू म्हात्रे गाळ्याचा मुकादम, गोडदेवचाच मूळ आगरी माणूस. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली केला.

“कुंकू हाय.”

“ते दिसतंय. काचेखाली कसं गेलं?”

“वहिनींनी दसऱ्याची पूजा केली ना. येवढा मोठा काम पयल्यांदा आला, म्हनून चौकटीच्या चारी कोपऱ्यांना एकेक बोट. शेठच बोलले, बाहेरून नको लावू, बँकेच्या सायबांना लाल डाग दिसंल. काच येते तिथं लाव. झाकून जाईल.”

“मग स्पिरिटने पुसायचं राहिलं?”

“राहिला न्हाय.” लवू दुखावला. “सगली चौकट पुसलीय मी. कुंकू सोडून पुसलीय.”

“सोडून?”

“मंग? मालकाच्या बायकोचा कुंकू पुसू? उद्या शेठला काय झाला म्हंजे सगली बोलतील, लव्यानं पुसला. अगो बाय, माजी चार पोरं हायेत.”

पंचशीला ठिपक्याकडे बघत राहिली. त्याच्याभोवती ॲल्युमिनियम आरशासारखं लखलखत होतं. कापसाचा बोळा बोटाला गुंडाळून, ठिपक्याच्या कडेकडेने, जराही धक्का न लावता पुसलेलं. अठ्ठेचाळीस चौक एकशे ब्याण्णव ठिपके. इतकं नाजूक काम लवूने सहा वर्षांत कधी केलं नव्हतं.

“नुसतं कुंकू असतं तरी थोडं धरलं असतं,” ती म्हणाली. “हे तेलकट आहे.”

“खोबरेल. गुलगुलीत चौकटीवर टिकंना, म्हनून कालवला.”

यतीन सामंत तेव्हा टेबलाशी बसून तपासणीचं सर्टिफिकेट टाईप झालंय का ते बघत होते. खाली दोन सह्यांच्या जागा: मालक आणि तपासनीस. पंचशीलाने आठ रबरी पट्ट्या त्यांच्यापुढे ओळीने मांडल्या, लाल बाजू वर. सामंतांनी त्या पाहिल्या, मग दाराकडे पाहिलं, मग त्यांच्यावर वर्तमानपत्र टाकलं.

“मधलं धरलंय ना?”

“मधलं धरलंय.”

“मग झालं तर! चौकट केवढी, ठिपका केवढा!”

“साहेब, तुमच्या दाराला चार बिजागऱ्या. चारी काढल्या आणि कडी तेवढी ठेवली, तर दार धरेल?”

“तू मला खिडक्या शिकवू नकोस. सोमवारी बँकेचे दळवी येतायत. ते नमुन्याची खिडकी तपासणार, ती पास होणार, तू सही करणार. पुन्हा सगळं कापायचं, पुसायचं, भरायचं, पुन्हा एकवीस दिवस. तोपर्यंत करारातला दंड सुरू होतो. तू भरणार आहेस?”

“मी सही नाही करणार.”

सामंतांनी खुर्ची मागे सरकवली. आवाज एकदम मऊ झाला. मराठी माणसाचा आवाज असा मऊ झाला की समजावं, आता तो खालच्या पायरीवर उतरणार.

“हे बघ पंचशीला, कुंकवाचं तुम्हा लोकांना आधीपासूनच वावडं. तुमचं तुम्हाला लखलाभ. पण आमच्या घरच्या पूजेवर राग काढू नकोस.”

आजूबाजूची ग्राइंडरं तेवढ्यात नेमकी थांबली. पंचशीलाने वर्तमानपत्र उचललं, पट्ट्या एकेक करून गोळा केल्या.

“वावडं मला नाही साहेब, सिलिकॉनला आहे. त्याला जात विचारून बघा. मी नागपूरहून आणलेली माती लावली असती तरी ते असंच सुटलं असतं, आणि तेव्हा तुम्ही मला आजच काढलं असतं.”

“सोमवारनंतरही काढू शकतो.”

“काढा की. पण सोमवारपर्यंत तपासनीस मीच आहे. तोंडी का होईना.”

शनिवारी सामंतांनी लवूला सही करायला सांगून पाहिलं. लवू म्हणाला, “माजी सही न्हाय, आंगठा हाय.” खरं तर तो रोज हजेरीला सही करायचा, पण त्या दिवशी विसरला.

सोमवारी आत्माराम दळवी आले. सैन्याच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त, आता बँकेचे सल्लागार. उंच, कोरडे, आणि काखोटीला बाजाराची पिशवी. पिशवीतून निघाले भाईंदर स्टेशनबाहेर घेतलेले दोन लाल भोपळे.

“माणूस बसवता येत नाही म्हणून हा,” एक भोपळा स्टुलावर ठेवत ते म्हणाले. “माणसाचं डोकं आणि भोपळा, टणकपणात थोडाच फरक. तीस वर्षं नोकरीत बघितलंय.”

गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत लोखंडी कमान उभी केली होती. तिला साखळीने टांगलेली चामड्याची पिशवी, आत शिशाचे छर्रे. खिडकी समोर, खिडकीमागे स्टूल, स्टुलावर भोपळा. “ही पिशवी म्हणजे बॉम्ब नव्हे,” दळवी म्हणाले. “पण जी काच पिशवीलाच सुटते, ती बॉम्बला काय धरणार?”

सामंतांच्या पत्नी सुचेतावहिनी बटाटेवड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसंही जमली. समोरच्या गाळ्यातले ईश्वरभाई तर स्वतःची खुर्ची घेऊन आले.

नमुन्याच्या खिडकीवर पिशवी आदळली. काच तडकली, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी झाली, आत फुगली, पण चौकट सोडली नाही. भोपळा जागेवर. टाळ्या पडल्या. सामंतांनी सर्टिफिकेट आणि पेन पुढे केलं. स्वतःची सही ठोकली आणि पेन पंचशीलाकडे दिलं. सगळ्यांदेखत. सगळ्यांदेखत ती नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब.

पंचशीलाने पेनाला टोपण लावलं.

“ही खिडकी मी भरलेली आहे,” ती दळवींना म्हणाली. “दसऱ्याआधी. हिच्यासाठी सही देते. आत शेहेचाळीस उभ्या आहेत आणि दोन मी कापल्यात. त्यांच्यासाठी नाही देत.”

“बाईंची तब्येत जरा...” सामंतांनी सुरुवात केली.

“तब्येत ठणठणीत आहे. दळवीसाहेब, आतली कुठलीही एक तुम्ही निवडा, इथे लावा. धरली तर मी अठ्ठेचाळीस सह्या करते, वर नोकरी सोडते.”

दळवींनी सामंतांकडे पाहिलं. सामंतांनी वड्यांकडे पाहिलं.

“एकतीस नंबर आणा,” दळवी म्हणाले.

एकतीस नंबर लावायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात कोणी एक वडा खाल्ला नाही, फक्त ईश्वरभाईंनी दोन. दळवींनी दुसरा भोपळा ठेवला आणि साखळी सोडली.

काच तडकली, पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले, पापुद्रा बिचारा इमानी होता. पण डावीकडचा वरचा कोपरा सुटला, मागोमाग खालचा, आणि चादर ओढावी तशी अख्खी काच चौकटीतून निघून स्टुलावर आडवी झाली. स्टुलाचा एक पाय मोडला. भोपळ्याचं काय झालं ते सांगायला नको. बिया ईश्वरभाईंच्या धोतरापर्यंत गेल्या.

दळवी वाकून चौकटीचा कोपरा बघत होते. पंचशीलाने खिशातून काडेपेटी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

“हे काय?”

“माझ्या भावाच्या गालातून निघालं. वर्षाने. तो दोन गल्ल्या लांब होता.”

दळवींनी काडेपेटी उघडली, बंद केली, परत दिली. मग चौकटीच्या कोपऱ्यावर बोट फिरवून ते लाल बोट त्यांनी सामंतांपुढे धरलं.

“हे कोण लावतं?”

“मी,” सुचेतावहिनी म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. ठिपक्यापाशी आपलं बोट धरून पाहिलं, बरोबर बसलं. “माझंच आहे. कोपऱ्याला लावते मी, उंबऱ्याला लावतो तसं. मला कोणी सांगितलं नाही की इथे काही चिकटवायचं असतं.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “मी बाहेरून लावत होते. तुम्हीच म्हणालात, झाकलं जाईल तिथे लाव.”

सामंतांनी दळवींकडे वळून चार आठवड्यांची मुदत मागितली, आणि दळवींनी दिली, दंडासकट दिली.

आता उरले एकशे ब्याण्णव ठिपके. त्यांतले आठ पट्ट्यांवर आले होते, चार भोपळ्याबरोबर गेले; चौकटींवर डाग तरी सगळीकडे होतेच. काचा कापून काढल्या, जुनं रबर खरवडलं, चौकटी भिंतीला उभ्या केल्या. आणि स्पिरिटचा डबा मधोमध ठेवून सगळे हात मागे बांधून उभे राहिले. लवूने हात धुवायचं निमित्त केलं. पोरी एकमेकींच्या मागे. गुरुवारचे अकरा वाजले तरी एक ठिपका पुसला गेला नव्हता.

“पंचशीला, तू पूस,” सामंत म्हणाले. “तुझा कुठे विश्वास आहे?”

“नाही विश्वास. म्हणूनच नाही पुसणार.”

“म्हणजे?”

“आज मी पुसलं आणि उद्या तुम्हाला नुसती शिंक आली, तर अख्खं हाटकेश म्हणेल, हिवराळेबाईने मालकिणीचं कुंकू पुसलं. मी सिलिकॉन भरते साहेब, तुमच्या घरातली भीती नाही भरत. ज्यांनी लावलं त्यांनी पुसावं.”

“अगं, ती कशी पुसेल? तिच्या हाताने?”

“का? लावलं कोणाच्या हाताने?”

सुचेतावहिनी दारातच होत्या. जेवणाचा डबा आणून द्यायच्या निमित्ताने त्या सकाळपासून दारातच होत्या. त्यांनी डबा ठेवला, पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या.

“तुम्ही इथे उभे राहा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “माझ्यासमोर. हलू नका.”

“कशाला?”

“धडधाकट आहात ना ते बघत बघत पुसते.”

पहिल्या ठिपक्याला बोळा टेकवून त्यांनी वर पाहिलं. सामंत उभे होते. जिवंत, थोडे घामाघूम. ठिपका गेला. दुसऱ्याला पुन्हा वर पाहिलं. दहाव्याला नुसतं तिरकं. चाळिसाव्या ठिपक्यानंतर त्यांनी वर बघायचं सोडूनच दिलं, आणि दुपारी सामंत पाणी प्यायला निघाले तेव्हा म्हणाल्या, “जा हो, बसा कुठेतरी. उजेड अडवताय.”

पंचशीला त्यांच्या मागोमाग प्रत्येक कोपऱ्यावर पांढरं फडकं फिरवून बघत होती. एकदा फडक्याला गुलाबी छटा आली.

“वहिनी, हा परत.”

“हा पुसला मी.”

“अर्धा पुसलात.”

वहिनींनी तो परत पुसला. मग म्हणाल्या, “सोमवारच्या आधीच मला का नाही सांगितलंस? माझ्यासमोर टेबलावर आठ पट्ट्या मांडल्या असत्यास तर हा तमाशा टळला असता.”

“हो,” पंचशीला म्हणाली. “तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्ही पण त्यांच्यासारखंच म्हणाल असं वाटलं.”

“म्हणाले असते,” वहिनी म्हणाल्या. “पण पुसलंही असतं.”

खिडक्या चार आठवड्यांनी गेल्या. प्रत्येकीच्या कागदावर पंचशीलाची सही होती. संक्रांतीनंतर सामंतांनी तिला बोलावून सांगितलं, आता काम कमी आहे. तिने विचारलं, “काढताय ते कोपऱ्यांमुळे?” ते म्हणाले, “काम नाही म्हणून.” ती म्हणाली, “मग कागदावर तसंच लिहून द्या. तोंडी नको.” द्यावं लागलं त्यांना लिहून. दोन महिने ती घरी होती. मार्चात ईश्वरभाईंनी तिला समोरच्या गाळ्यात घेतलं, आणि घेताना पहिलीच अट तिने घातली, त्यांनी नव्हे: पूजा ग्राइंडरची करा, चौकटीला बोट लावायचं नाही.

तर कोणी काय भरलं, ते बघू. सामंतांनी दंड भरला. पाटी अजून भिंतीकडे तोंड करून आहे आणि सासऱ्यांचा प्रश्न चालू आहे. लवूला काही भरावं लागलं नाही, मात्र त्याचा अंगठा जाऊन सही परत आली. सुचेतावहिनींच्या बोटांची सालं स्पिरिटने आठवडाभर निघत होती. तेव्हापासून त्या गाळ्यात येतात, डबा न घेता येतात, आणि कुठे काय चिकटवायचं ते आधी विचारतात. पंचशीलाने नोकरी भरली. एक भोपळा जागीच गेला. दुसऱ्याची भाजी झाली, ती लवूच्या घरी.

आणि त्या अठ्ठेचाळीस खिडक्यांच्या मागे पंखा लावून बसलेल्या, दुपारी डबा उघडणाऱ्या, पंचशीला हिवराळे हे नाव कधी न ऐकलेल्या कारकुनांनी?

त्यांनी काही भरलं नाही.